ड्रॅगन सगळ्यांचा, पक्षी आमचा

वेल्समध्ये राहून ड्रॅगन टाळता येत नाही. कार्डिफमध्ये तो दुकानाच्या पाटीवर असतो, चहाच्या कपावर असतो, सरकारी पत्रावर असतो आणि रग्बीची मॅच असली की शेजारच्या बाईंच्या गालावरसुद्धा असतो. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर एक पाय उचलून उभा असलेला लाल ड्रॅगन हा वेल्सचा झेंडा. वेल्श भाषेत त्याला ‘अ द्राईग गोख’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘लाल ड्रॅगन’. १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, शाळेत जाणारी पोरं पिवळं डॅफोडिल नाहीतर कांद्याची पात शोभेल असा लीक छातीला टाचून जातात, आणि त्यांच्या हातात ड्रॅगनचे कागदी झेंडे असतात.

तेव्हा २०१२ साली शहराच्या फुटबॉल क्लबच्या मालकाने क्लबच्या बोधचिन्हावर हाच ड्रॅगन मोठा करून बसवला, तर इथल्या लोकांनी पेढे वाटायला हवे होते, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात इथे अडीच वर्षं भांडण चाललं. पबमध्ये, बसमध्ये, ऑफिसात, जेवणाच्या टेबलावर. बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झाल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. भारतातले नातेवाईक अजून विचारतात की आपल्याच देशाच्या चिन्हावर एवढं चिडायचं काय कारण होतं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि इथे नव्याने आलेल्या आपल्या पोरांसाठीही, कारण ऑफिसात पहिल्या आठवड्यात कोणीतरी हा विषय काढतंच.

आधी थोडं वेल्सबद्दल. आमच्या नातेवाइकांच्या लेखी आम्ही सगळे ‘लंडनला’ असतो. कार्डिफ लंडनहून रेल्वेने दोनेक तासांवर आहे, पण इथल्या माणसाला ‘इंग्लिश’ म्हणून बघा एकदा. ब्रिटनचा जो झेंडा आपण पाहतो, त्यात इंग्लंडचा क्रॉस आहे, स्कॉटलंडचा आहे, आयर्लंडचा आहे. वेल्सचं त्यात काहीच नाही. झेंडा जुळवायची वेळ आली त्याच्या आधीच, सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीने वेल्सला कायद्याने इंग्लंडला जोडून टाकलं होतं, म्हणून वेगळी खूण घालायची गरज कोणाला वाटली नाही. हा सल इथे आजही आहे. जुन्या दंतकथेत डोंगराखाली दोन ड्रॅगन लढतात, पांढरा परक्यांचा आणि लाल इथल्यांचा, आणि लाल जिंकतो. लाल ड्रॅगनचा झेंडा वेल्सचा अधिकृत झेंडा म्हणून मान्य झाला तो मात्र १९५९ साली. कार्डिफ राजधानी झाली तीही त्याच्या चारच वर्षं आधी, १९५५ मध्ये. म्हणजे ड्रॅगन इथे शोभेची वस्तू नाही. तो मोठ्या कष्टाने भिंतीवर आलेला आहे.

आता क्लब. कार्डिफ सिटीचा जन्म १८९९ चा, आणि आपल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तो क्रिकेटच्या पोटी झाला. रिव्हरसाइड नावाचा एक क्रिकेट क्लब होता. हिवाळ्यात पोरं पांगू नयेत म्हणून बार्टली विल्सन या शिळाछापाच्या कलाकाराने फुटबॉलची टीम काढली. पहिला शर्ट निळाही नव्हता आणि लालही नव्हता, तो चॉकलेटी आणि पिवळसर होता. १९०५ मध्ये कार्डिफला शहराचा दर्जा मिळाला, १९०८ मध्ये क्लबने ‘कार्डिफ सिटी’ नाव घेतलं आणि निळा रंग आला. मग १९११ च्या सुमारास इथल्या न्यू थिएटरमध्ये मॉरिस मेटरलिंकचं ‘ब्लू बर्ड’ नाटक लागलं. सुखाच्या शोधात निघालेली दोन मुलं आणि त्यांना हवा असलेला निळा पक्षी. त्याच वर्षी मेटरलिंकला नोबेल मिळालं. नाटक गाजलं आणि निळ्या शर्टातल्या पोरांना लोक ‘ब्लूबर्ड्स’ म्हणू लागले. तो पक्षी वेल्सच्या कुठल्याही झाडावर दिसत नाही, हे पक्षीनिरीक्षक आवर्जून सांगतात. तो रंगमंचावरून थेट मैदानात उतरलेला आहे. देशाशी, राजाशी, लढाईशी त्याचा काही संबंध नाही. शहरातल्या लोकांनी एका संध्याकाळी नाटक पाहिलं आणि त्यातलं नाव उचललं, एवढंच.

या निळ्या शर्टात १९२७ साली क्लबने एफए कप जिंकला. वेम्बलीवर आर्सेनलला १-० हरवलं. ह्यूई फर्ग्युसनचा फटका आर्सेनलच्या गोलकीपरच्या हातून निसटून आत गेला, आणि तो गोलकीपर, डॅन लुईस, स्वतः वेल्श होता! शिवाय तारीख होती २३ एप्रिल, म्हणजे इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा दिवस. सेंट जॉर्ज म्हणजे ड्रॅगनला मारणारा संत. इंग्लंडबाहेरच्या क्लबने हा कप नेला तो तेवढा एकदाच. इथली म्हातारी माणसं ही गोष्ट पानिपताच्या बखरीसारखी सांगतात, फरक एवढाच की यात आपली बाजू जिंकते.

क्लबच्या चिन्हावर पक्षी आला तो बऱ्याच उशिरा. पुढे २००३ च्या चिन्हात पक्ष्याच्या मागे सेंट डेव्हिडचा काळा-पिवळा क्रॉस आला. म्हणजे देशाची खूण चिन्हात असण्याला कोणाचीच हरकत नव्हती. ती मागे होती, पक्षी पुढे होता.

मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट तान यांनी २०१० मध्ये क्लबमध्ये पैसा घातला. क्लब कर्जात होता, वरच्या डिव्हिजनमध्ये पोचून पन्नास वर्षं होत आली होती. तान यांचा हिशेब सरळ होता: आशियात लाल रंग भाग्याचा, ड्रॅगन ताकदीचा, लाल शर्ट आणि ड्रॅगन असेल तर क्लब तिकडच्या बाजारात ओळखला जाईल. २०१२ च्या मे महिन्यात हा बेत फुटला. एवढा गदारोळ झाला की क्लबने तो मागे घेतला. आणि मग गंमत झाली. आता हा माणूस पैसा काढून घेईल आणि क्लब बुडेल या भीतीने चाहत्यांतलाच एक गट म्हणू लागला की होऊ दे लाल. जूनमध्ये क्लबने पुन्हा जाहीर केलं, शर्ट लाल, चिन्हावर मोठा लाल ड्रॅगन, खाली ‘फायर अँड पॅशन’ ही अक्षरं आणि तळाला एवढासा पक्षी.

भांडणाच्या बाजू दोनच होत्या असं समजू नका. मला तरी चार-पाच दिसल्या. एक म्हणायचे, क्लब जगला तर रंगाचं बघू, मेलेल्या क्लबचा रंग निळा असला काय आणि लाल असला काय. दुसरे म्हणायचे, रंग विकला की विकायला उरतं काय. तिसरे वेल्श बाण्याचे, त्यांना ड्रॅगन मनापासून आवडला. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो तर छातीवर आपला ड्रॅगन दिसलाच पाहिजे, असं त्यांचं मत. चौथ्यांना नेमका याच गोष्टीचा राग होता, की आमचा ड्रॅगन आशियातली जर्सी खपावी म्हणून वापरला जातोय. आमच्या देशाचं चिन्ह आम्हालाच लाच म्हणून दाखवताय? आणि पाचवे नुसतेच थकलेले. त्यांनी सीझन तिकीट घेतलं, जुना निळा मफलर घातला, तोंडाने काही बोलले नाहीत. लाल मफलर फुकट वाटले गेले तेव्हा काहींनी ते घेतले, काहींनी खुर्चीवरच ठेवले.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, सत्तरी ओलांडलेले. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. जुन्या निनियन पार्कवर ते वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघायचे. ते मैदान २००९ मध्ये बंद झालं आणि रस्त्यापलीकडे नवं स्टेडियम उभं राहिलं. त्यांच्याकडे ड्रॅगनचा लाल टी-शर्ट आहे, एक नाही, चार आहेत. वेल्सच्या मॅचला ते नखशिखांत लाल असतात, आणि वेल्सच्या मॅचेस त्याच कार्डिफ सिटी स्टेडियमवर होतात. म्हणजे त्याच खुर्चीवर बसून मंगळवारी लाल आणि शनिवारी निळं. मी त्यांना विचारलं, एक दिवस चालतो तो ड्रॅगन दुसऱ्या दिवशी का चालत नाही? ते म्हणाले, “अरे, ड्रॅगन स्वान्सीवाल्यांचा पण आहे ना!”

स्वान्सी म्हणजे इथून चाळीसेक मैलांवरचं शहर आणि कार्डिफचं फुटबॉलमधलं हाडवैर. त्यांच्या चिन्हावर हंस आहे. (शहराच्या इंग्रजी नावात हंस ऐकू येतो म्हणून, एरवी त्या नावाचा हंसाशी संबंध नाही, ते जुन्या नॉर्स माणसाच्या नावावरून पडलंय असं म्हणतात.) रेक्सहमच्या चिन्हावर तर दोन ड्रॅगन आहेत. मग ड्रॅगन मोठा करून कार्डिफ सिटी वेगळी कशी दिसणार? आजोबांच्या त्या एका वाक्याने मला हे सगळं भांडण समजलं, कारण मी कोल्हापूरचा आहे.

ज्यांनी शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहिला नाही त्यांना सांगतो. शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांत कुस्तीच्या तालमी वाढल्या, पुढे याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की गावात कामं होत नाहीत. दोन्हीकडच्या पोरांच्या गाडीवर महाराज असतात, दोन्हीकडची पोरं मॅचआधी अंबाबाईला हात जोडतात. आता समजा उद्या एक पैसेवाला आला आणि पाटाकडीलला म्हणाला, तुमचा रंग सोडा, तुमची खूण खाली घ्या, त्या जागी मी अंबाबाई बसवतो, ती तर तुमची आईच आहे. नाही म्हणायची सोय नाही. अंबाबाईला नको कोण म्हणणार? पण मग मैदानावर पाटाकडील कोण आणि दिलबहार कोण? मोठ्या चिन्हाची हीच अडचण असते. ते सगळ्यांचं असतं, म्हणून ते आणणाऱ्यापुढे तोंड उघडता येत नाही, आणि सगळ्यांचं असतं म्हणूनच त्यात आपली गल्ली सापडत नाही.

हे मी फोनवर आईला सांगितलं तर तिचं वेगळंच. “लाल तर शुभ असतंय की रे. त्यात एवढं रडायला काय झालंय त्यास्नी? हळदीकुंकवाचा रंग हाय तो.” मला मान्य करावं लागलं की तान यांची बाजू आईला पहिल्या वाक्यात कळली होती. तान यांना इथे लोकांनी खलनायक केलं, चेष्टा केली, त्यात कधीकधी परक्या माणसाबद्दलची कुजबुजही होती, आणि ती ऐकताना माझ्यासारख्या तपकिरी माणसाला खुर्चीत जरा अवघडल्यासारखं व्हायचं. त्या माणसाने स्वतःचा पैसा ओतला होता. आपल्याकडे शुभ मानलेली गोष्ट दुसऱ्याला देताना आपण चांगलंच करतोय असं त्याला वाटलं असणार. पण देताना विचारायचं असतं. लग्नात मुलीकडच्यांना न विचारता शालू बदलून बघा!

मैदानावर मात्र लाल रंग पावला. १६ एप्रिल २०१३ ला चार्लटनशी ०-० बरोबरी झाली आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला. वरच्या डिव्हिजनमध्ये ५१ वर्षांनी. लोक मैदानात धावले, रडले. त्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीला ३-२ हरवलं, नोव्हेंबरमध्ये स्वान्सीला १-०. आजोबा स्वान्सीच्या मॅचला निळ्या स्वेटरमध्ये गेले होते. परत आल्यावर हसू आवरत नव्हतं, पण म्हणाले, “फोटोत आपण लाल दिसणार, जन्मभर.” ज्या विजयाची वाट त्यांनी अर्धं आयुष्य पाहिली, तो आला तेव्हा अंगावर दुसऱ्याचे कपडे होते, असं त्यांचं झालं. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान काही झालं असेल तर ते हे.

पुढे गाडी घसरली. डिसेंबरमध्ये मॅनेजर माल्की मकाय यांना काढलं, ओले गुन्नार सोल्शायर आले, मे २०१४ मध्ये क्लब तळाशी राहून खाली गेला. आता लाल रंगाने दिलेलं यशही हातात राहिलं नव्हतं, निदर्शनं वाढली, खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. ९ जानेवारी २०१५ ला तान यांनी निळा रंग परत दिला. त्यांच्या निवेदनात एक गोष्ट होती जी मला फार आवडली: आपल्या बौद्ध धर्म पाळणाऱ्या आईने आपल्याला एकोप्याचं आणि आनंदाचं महत्त्व सांगितलं, असं त्यांनी लिहिलं होतं. वकिलांनी, सल्लागारांनी, मोर्च्यांनी जे झालं नाही ते आईच्या बोलण्याने झालं म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी फुलहॅमविरुद्ध टीम निळ्या शर्टात उतरली आणि जिंकली. आणि २०१८ मध्ये नील वॉरनॉक यांच्या हाताखाली हाच क्लब निळ्या शर्टात पुन्हा प्रीमियर लीगमध्ये गेला, तेव्हा लाल रंगाच्या पुण्याईची चर्चा कायमची संपली.

राष्ट्रीय चिन्ह म्हणजे नेमकं कोणाचं, हा प्रश्न मात्र इथे संपत नाही. वेल्सच्या फुटबॉल टीमच्या छातीवर ड्रॅगन आहे, पण रग्बी संघाच्या छातीवर तीन पांढरी पिसं आहेत. ती पिसं प्रिन्स ऑफ वेल्सची, म्हणजे इंग्लंडच्या गादीच्या वारसाची, आणि त्यांच्यासोबत येणारं घोषवाक्य तर जर्मन भाषेतलं! काही वेल्श माणसांना ती पिसं आजोबांच्या काळापासूनची म्हणून प्रिय आहेत, काहींना ती राजघराण्याचा शिक्का वाटतात. रेक्सहमच्या चिन्हावर पिसंही आहेत आणि ड्रॅगनही. दोन्ही बाजूंना खूश ठेवायची ही पद्धत आपल्या लग्नपत्रिकांसारखी आहे.

हसू नका, आपल्याही छातीवर असंच काहीतरी आहे. जून २०१३ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या मॅचेस इथल्या सोफिया गार्डन्सवर झाल्या. टाफ नदीच्या काठावरचं हे मैदान ग्लॅमॉर्गन काउंटीचं. रवी शास्त्री या काउंटीकडून खेळलेले, पुढे सौरव गांगुलीही. भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवलं, मग सेमीफायनलला श्रीलंकेला. त्या आठवड्यात अख्खं कार्डिफ निळं झालं होतं, ढोल होते, आणि गंमत म्हणजे शहराचा स्वतःचा निळा रंग नेमका तेव्हाच कपाटात बंद होता. आजोबांनी माझ्या जर्सीवरच्या बीसीसीआयच्या चिन्हाकडे बघून विचारलं, हा तारा कसला? त्या ताऱ्याचं साम्य आहे ‘स्टार ऑफ इंडिया’ या मानचिन्हाशी. राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये तो किताब सुरू केला, संस्थानिकांना आणि साहेबांना द्यायला. भारतात यावर अधूनमधून कोणी प्रश्न विचारतो, चार दिवस बातमी येते आणि पुढची सिरीज सुरू होते. तिरंगा नाही, अशोकचक्र नाही, राणीच्या पदकासारखा तारा, आणि आपण तो छातीवर घेऊन ‘भारत माता की जय’ म्हणतो. आजोबा म्हणाले, “मग बदलत का नाही?” मी म्हणालो, सचिनच्या छातीवर होता ना तो. त्यांनी मान हलवली. त्यांना पुढे काही समजवावं लागलं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींची रविवारची क्रिकेट टीम आहे, तिचा किस्सा सांगतो. टी-शर्ट छापायचे ठरले आणि चिन्हावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवडे रण पेटलं. पहिली सूचना, फेटा घातलेला ड्रॅगन. चित्रही कोणीतरी लगेच काढलं, पण फेट्यातला ड्रॅगन वरातीतल्या घोड्यासारखा दिसायला लागला. नाशिकचा एक जण म्हणाला, राजमुद्रा घ्या. त्यावर नागपूरची वहिनी म्हणाली, “घामाचा शर्ट वॉशिंग मशीनमध्ये मोज्यांबरोबर फिरतो भाऊ, तिथे राजमुद्रा नको.” सगळे गप्प. गणपती याच कारणाने बाद झाला. कोणी तिरंगा म्हणालं, तर आमचा विकेटकीपर श्रीलंकेचा आणि ओपनर इथलाच गोरा पोरगा. डॅफोडिल घेऊ म्हटलं तर ते ग्लॅमॉर्गनवाल्यांचं. हे सगळे भांडण करणारे लोक, लक्षात घ्या, तेच होते ज्यांनी दोन-चार वर्षांपूर्वी कार्डिफ सिटीच्या चाहत्यांना ‘एका लोगोसाठी काय एवढं’ म्हणून हसून घेतलं होतं.

मग एका रविवारी मॅचनंतर वडापावचं ताट उघडलं आणि एका सीगलने झडप घालून एक वडापाव उचलून नेला. इथले सीगल म्हणजे दरोडेखोर आहेत, चिप्स खाणाऱ्या माणसाला ते सोडत नाहीत, पण लसणीच्या चटणीसकट वडापाव नेणारा हा पहिलाच. तो कंपाउंडवर बसून खात होता आणि आम्ही सगळे, श्रीलंकेचा, नाशिकचा, नागपूरची वहिनी, गोरा ओपनर, पोट धरून हसत होतो. टी-शर्टवर आता चोचीत वडापाव धरलेला सीगल आहे. मतदान घ्यावं लागलं नाही. दुसऱ्या टीमवाले विचारतात हे काय, आणि आम्ही प्रत्येक वेळी ती गोष्ट सांगतो. माझा मुलगा तर ती अशी सांगतो की जणू तो पक्षी गरुडाएवढा होता.

कार्डिफ सिटीचं सध्याचं चिन्ह मार्च २०१५ मध्ये ठरलं. निळी ढाल, मधे मोठा निळा पक्षी. तळाला एक बारीकसा ड्रॅगन आहे, तो नीट बघितला तर वेल्सचा नाही. वेल्सच्या ड्रॅगनला पंख असतात आणि तो ऐटीत उभा असतो. हा लांबसडक, नागमोडी, पूर्वेकडचा आहे. तान अजून मालक आहेत आणि ही त्यांची सही. नव्याने आलेल्या लोकांना तो दिसतही नाही. मी आजोबांना विचारलं, हा खुपत नाही का? म्हणाले, “राहू दे. त्यानेही खर्च केलाय. एवढी जागा त्याची.” त्यांचा मुलगा मात्र लगेच उसळला, की आपल्या झेंड्यावरचा ड्रॅगन काढून हा ठेवलाय, हे तर जास्तच वाईट. अर्धा तास बाप-लेकाची जुंपली, मी चहा पीत बसलो.

या वादांनंतर आणि इतर क्लबांतल्या अशाच भांडणांनंतर इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये नियम बदलत गेले. २०१३ मध्ये एव्हर्टनने नवं चिन्ह काढलं, चाहते भडकले, क्लबने माफी मागून पुढचं चिन्ह मतदानाने ठरवलं. २०१८ मध्ये लीड्सने छातीवर मूठ ठेवलेल्या माणसाचं चित्र आणलं, काही तासांत हजारोंनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या आणि ते चित्र परत कपाटात गेलं. २०२१ मध्ये ट्रेसी क्राउच यांच्या समितीने सांगितलं की क्लबचा वारसा असलेल्या गोष्टींवर चाहत्यांना नकाराधिकार हवा. आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदाच झाला. इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबांनी चिन्हात किंवा घरच्या शर्टाच्या रंगात मोठा बदल करायचा तर त्याला चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा असल्याचं दाखवावं लागेल, अशी त्यात तरतूद आहे.

आजोबांनी ही बातमी कापून फ्रिजला चिकटवली आहे, ड्रॅगनच्याच मॅग्नेटखाली. त्यांच्या मुलाला तिचा दुसरा अर्थ लागला, आणि तो आता वैतागलाय. तळाचा तो नागमोडी ड्रॅगन काढायचा म्हटला, तरी आता सगळ्यांना विचारावं लागणार.